नि. डा. अं.

नाझरे वकील चष्म्यावरून बघत म्हणाले,
विचारा, काय विचारायचंय ते.
मी सोळा प्रश्न लिहून नेले होते
प्रॅक्टिकलच्या जुन्या वहीत, मागच्या पानांवर.

जमीन सोसायटीच्या नावावर आहे का?
नाही. कन्व्हेयन्स व्हायचंय.
कधी होईल?
बिल्डर सापडला की.
म्हणजे फ्लॅट माझा आणि खालची जमीन त्याची?
कागदावर, हो.
मग मी नेमकी उभी कशावर असणार?
तिसऱ्या मजल्यावर, म्हणाले,
आणि पुढच्या प्रश्नाची खूण केली.

बँकेकडे माझ्यापेक्षा जास्त प्रश्न होते.
सहअर्जदाराच्या रकान्यात मी रेघ मारली.
काउंटरवरची पोरगी म्हणाली, मॅडम, रेघ चालत नाही,
‘लागू नाही’ असं लिहा.
लिहिलं.
सव्वीस वर्षांत लग्नाचं कुणी विचारलं
तेव्हा इतकं थोडक्यात सुचलं नव्हतं.

निवृत्तीला चौदा वर्षं, म्हणून हप्ते एकशे अडुसष्ट.
मूळ कागद आमच्याकडे राहतील, ती म्हणाली,
तुम्हाला झेरॉक्स.

त्याआधी तीस वर्षांचा शोध.
अकरा पानी अहवाल आला, स्टेपल केलेला.
धायरीचा तो गट:
ज्वारी. ज्वारी. कांदा. पडीक. पडीक. बिनशेती.
विहीर एक, हिस्सा आठ आणे.
आणि सातव्या पानावर,
ठकूबाई भ्र. सावळाराम, बहीण,
हिने स्वखुशीने, विनामोबदला
आपला हक्क सोडला.
नि. डा. अं.

वकिलांनी हक्कसोडपत्राची प्रत दाखवली.
निशाणी डावा अंगठा म्हणजे
झेरॉक्सवर वाटाण्याएवढा काळा ठिपका.
रेघ एकही दिसत नव्हती.
मी सतरावा प्रश्न विचारला: ही खुशीत होती का?
लिहिलंय ना, स्वखुशीने, ते म्हणाले,
आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं:
टायटल निर्वेध व विक्रीयोग्य.

पुण्यात हवेली म्हणतात दुय्यम निबंधकाच्या कचेरीला.
आतमध्ये पंखे दोन, टोकन एकशे नऊ,
आणि खरेदीखत हातात घेऊन उभी माझी मैत्रीण शकीला,
साक्षीदार क्रमांक एक,
डबा उघडावा की नाही या विचारात.

मशीनवर अंगठा ठेवा. उचला. परत ठेवा.
पोरगा म्हणाला, रेघाच येत नाहीत, काकू,
काम काय करता?
कॉलेजच्या लॅबमध्ये काचसामान धुते, म्हटलं.
ॲसिड, मग साबण, मग पाणी,
वर्षाला चारशे मुलांची ब्युरेटं.
केसांवर घासा अंगठा, त्यानं सांगितलं,
तेल लागलं की उमटतो.
रांगेतल्या सगळ्यांनी बघितलं
मी भर दुपारी स्वतःच्याच डोक्यावर
अंगठा घासताना.

चौथ्या वेळी उमटला.
स्क्रीनवर मोठा, राखाडी,
मधोमध एक पांढरा डाग
जिथे ब्युरेट फुटून काच गेली होती.
तिचा अंगठा कुणी धरला असेल शाईत?
भावानं? की तिनंच बुडवला,
पदरानं पुसला,
आणि संध्याकाळच्या एस्टीनं परत गेली?
पुढे, पोरगा म्हणाला. एकशे दहा.

रात्री शकीलानं खरेदीखत मोठ्यानं वाचून दाखवलं,
जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह.
जल: टँकर, एक दिवसाआड.
तरू: पार्किंगमध्ये एक अशोक, खुंटलेला.
पाषाण म्हणजे किचनचा कडप्पा असेल.
निधी सापडलाच तर कळव हं, ती हसली.

सकाळी वॉचमनला विचारलं, विहीर कुठाय?
त्यानं जनरेटरकडे हात केला.
तिथे खाली होती म्हणतात.
मूळ कागद आता बँकेत आहेत.
सातव्या पानाची मी एक झेरॉक्स जास्तीची काढली,
दोन रुपये.
कशाला, ते दुकानदारानं विचारलं नाही.